अंगण लहान, ट्रॉली मोठी: योग्य हुक लावा, माणूस वाचवा

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. संध्याकाळची वेळ असते. अंगणाच्या एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत आणि मधे तुळशीवृंदावन. सोयाबीनची पोती उतरवून रिकामी झालेली ट्रॉली आता शेडमध्ये लावायची आहे. काका ट्रॅक्टरवर बसून मान मागे वळवून बघताहेत. चुलतभाऊ ट्रॉलीच्या दांडीजवळ उभा राहून ओरडतोय, ‘‘येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडं... बास, बास!’’ शहरातून आलेली मुलं हे सगळं कौतुकानं बघत ट्रॉलीच्या मागेच उभी आहेत.

चार वेळा पुढे, पाच वेळा मागे झाल्यावर ट्रॉली एकदाची शेडमध्ये जाते. सगळे हसतात, चहा होतो. पण त्या दहा मिनिटांत किती वेळा एखादं माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उभं होतं, हे कुणी मोजत नाही.

तुमचं शेत सांगली-सोलापूरकडे असो, बेळगावजवळ असो किंवा इंदूर-बडोद्याच्या बाजूला, अंगणं सगळीकडे आता लहान झाली आहेत. वाटण्या झाल्या, घरं वाढली, मोटारसायकलींसोबत चारचाकीही आली. ट्रॉली मात्र पूर्वीएवढीच राहिली, किंबहुना वाढलीच. म्हणूनच अरुंद जागेत ट्रॉली हलवायची पद्धत एकदा नीट समजून घ्या. यात ताकदीचं काम फारसं नाही. ट्रॅक्टरला हुक कुठे आणि कसा लावलाय, यावर अर्ध्याहून अधिक काम अवलंबून असतं.

अडचण नेमकी कुठे असते?

ट्रॉली पुढे ओढणं सोपं, कारण ती आपोआप मागे येते. मागे ढकलताना मात्र ती ऐकत नाही. जोडाच्या ठिकाणी ती हव्या त्या बाजूला दुमडते. तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे फिरवून मागे निघालात, की ट्रॅक्टरची मागची बाजू उजवीकडे जाते, दांडीही उजवीकडे जाते आणि ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे वळतं. म्हणजे सगळं उलटं. शिकाऊ माणूस इथेच गोंधळतो.

त्यात आणखी दोन अडचणी असतात. ट्रॅक्टरची वळणारी चाकं पुढे असतात आणि हुक असतो अगदी मागे. त्यामुळे हुक हातभर सरकवायचा तर ट्रॅक्टरचं नाक बरंच बाजूला न्यावं लागतं. मोकळ्या शेतात याचं काही वाटत नाही. अंगणात मात्र तेवढ्यात नाक भिंतीला लागतं. दुसरी अडचण मानेची. चालक मागे वळून बघतो तेव्हा त्याला एकच बाजू नीट दिसते. दुसऱ्या बाजूला कोण उभं आहे, हे त्याला कळत नाही.

उलट्या दिशेचा गोंधळ टाळायला एक साधी युक्ती आहे. स्टिअरिंगचा खालचा भाग एका हातानं धरा. ट्रॉलीचं दूरचं टोक ज्या बाजूला न्यायचं आहे, त्या बाजूला हात सरकवा. डावीकडे न्यायचंय तर हात डावीकडे, उजवीकडे न्यायचंय तर उजवीकडे. मग डोक्यात उलटसुलट हिशोब करावा लागत नाही. हात थोडासाच सरकवा आणि ट्रॉली वळायला लागली की लगेच स्टिअरिंग परत आणा. ट्रॉली जितकी आखूड, तितकी ती पटकन दुमडते.

आधी तुमची ट्रॉली ओळखा

सगळ्या ट्रॉल्या सारख्या नसतात. ढोबळमानानं दोन प्रकार आहेत.

पहिली दोन चाकांची, म्हणजे एकाच आसाची ट्रॉली. हिचा पुढचा थोडा भार दांडीवाटे ट्रॅक्टरवर येतो. हुक काढल्यावर दांडी स्टँडवर टेकवावी लागते. हिला एकच जोड असल्यामुळे ती मागे घेणं सरावानं जमतं.

दुसरी चार चाकांची. हिच्या पुढच्या आसाखाली फिरणारी चकती असते आणि दांडी त्या आसाला जोडलेली असते. उसाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे अशा दोन-दोन ट्रॉल्या जाताना दिसतात. हिचा भार ट्रॅक्टरवर येत नाही. पण इथे दुमडायच्या जागा दोन होतात, एक हुकाजवळ आणि दुसरी चकतीवर. त्यामुळे ती मागे घेणं चांगल्या चालकालाही जड जातं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागे घ्यायचा विचारच करू नका. मागची सोडा आणि एकेक हलवा.

या लेखातल्या युक्त्या मुख्यतः दोन चाकांच्या, रिकाम्या किंवा हलक्या ट्रॉलीसाठी आहेत. चार चाकांची ट्रॉली असेल तर शक्यतो ती ओढतच आत नेता येईल आणि ओढतच बाहेर काढता येईल, अशी जागा ठरवा. ढकलावीच लागली तर दोन-तीन फूटच ढकला, पुढे ओढून सरळ करा आणि मग पुन्हा ढकला.

हुक लावायच्या तीन जागा

तुमच्या ट्रॅक्टरकडे एकदा या नजरेनं बघा.

पहिली जागा म्हणजे मागचा पक्का हुक. हा ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या खाली, ठरलेल्या उंचीवर बसवलेला असतो. भरलेली ट्रॉली रस्त्यानं ओढायची तर याच हुकाला जोडायची. इथे तडजोड नको.

दुसरी जागा म्हणजे थ्री पॉइंट लिंकेज. नांगर, रोटाव्हेटर आपण ज्याला जोडतो, ते खालचे दोन हात आणि वरचा टॉप लिंक. हे हात हायड्रॉलिकनं वरखाली होतात. यावर हुक बसवला, तर दांडी उचलायचं काम ट्रॅक्टर स्वतः करतो.

तिसरी जागा ट्रॅक्टरच्या नाकाशी. बहुतेक ट्रॅक्टरना पुढे वजनं लावायच्या जागेजवळ एक हुक किंवा पिनची जागा असते. बंद पडलेला ट्रॅक्टर ओढायलाच तिचा उपयोग होतो, असं आपण समजतो. अरुंद जागेत ट्रॉली लावायला मात्र हीच जागा सर्वांत सोयीची ठरते.

लिंकेजचा हुक: दांडी उचलायला माणूस नको

ट्रॉली जोडताना सर्वांत धोक्याचा क्षण कोणता? हुकाचं भोक आणि दांडीचं भोक जुळत नाही, म्हणून कुणीतरी दांडी हातानं उचलून धरतं आणि ट्रॅक्टर मागे येतो, तो क्षण. क्लचवरून पाय घसरला, जमीन ओली असली किंवा चालकाला ‘बास’ ऐकूच आलं नाही, तर मधल्या माणसाला पळायला जागा नसते. रिकामा ट्रॅक्टरसुद्धा दीड-दोन टनांचा असतो. त्याला हातानं कुणी अडवू शकत नाही.

लिंकेजवरचा हुक असेल तर दांडी उचलायला माणूस लागत नाही. चालक हुक खाली करतो, मागे येतो, हुक दांडीखाली नेतो आणि हायड्रॉलिकनं वर उचलतो. ही कल्पना जुनीच आहे. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतकऱ्यांना ट्रॅक्टर नीट वापरायला शिकवत फिरत होते. ओढून न्यायचा नांगर दगडाला अडकला, की ट्रॅक्टरचं नाक उचलून तो मागे उलटण्याचा धोका असे. त्यावर उपाय शोधताना त्यांनी तीन जागी जोडायची रचना तयार केली. १९३९ साली ती फोर्डच्या ‘९एन’ ट्रॅक्टरवर आली आणि जगभर पसरली. पुढे १९४० च्या दशकात फर्ग्युसनच्या ट्रेलरसाठी असा हुकही आला, की चालकानं सीटवरून न उतरता हायड्रॉलिकनं ट्रेलर उचलून जोडावा. आज तुमच्या अंगणातल्या ट्रॅक्टरला मागे जे तीन हात दिसतात, ते त्याच रचनेचे वारस आहेत.

हा हुक तयार मिळतो किंवा चांगल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो. करून घेताना पुढच्या गोष्टी तपासा.

• नुसती भोकांची आडवी पट्टी खालच्या दोन हातांत अडकवून दोन चाकांची ट्रॉली उचलू नका. दांडीच्या भारानं पट्टी गरकन फिरू शकते. टॉप लिंकलाही जोडलेली त्रिकोणी चौकट हवी. ती तीन जागी धरली गेली की फिरत नाही.

• खालच्या पिना तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाच्या हव्यात. लहान ट्रॅक्टरना साधारण २२ मिलिमीटरची आणि मोठ्यांना साधारण २८ मिलिमीटरची पिन लागते. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम भागवू नका.

• खालच्या हातांच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या ताणून घ्या. त्या सैल असतील तर ट्रॉली डावी-उजवीकडे झोके खाईल.

• दांडी जमिनीपासून वीतभर उचलली की पुरे. ट्रॉली साधारण सपाट राहायला हवी.

• काम झालं की दांडी स्टँडवर टेकवा. हायड्रॉलिकवर ट्रॉली लटकवून ठेवू नका. तेल हळूहळू गळून हात खाली येतात. एखाद्या मुलानं लिव्हरला हात लावला तर इंजिन बंद असतानाही दांडी धाडकन खाली येते.

हा हुक फक्त अंगणातल्या हलवाहलवीसाठी वापरा. भरलेली ट्रॉली यावर रस्त्यानं ओढू नका. ओढण्याची जागा मागच्या आसापेक्षा उंच झाली, की ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. तो इतका झटकन उलटतो की चालकाला सावरायला वेळच मिळत नाही. याच कारणासाठी टॉप लिंकच्या जागेला साखळी बांधून काहीही ओढू नका, मग ते झाडाचं खोड असो की चिखलात रुतलेली ट्रॉली.

पुढचा हुक: समोर पाहून ट्रॉली लावा

आता सर्वांत सोपी युक्ती. ट्रॉली अंगणापर्यंत नेहमीसारखी मागच्या हुकाला ओढून आणा. सपाट जागी थांबा. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, दांडी स्टँडवर टेकवा आणि ट्रॅक्टर सोडवा. मग ट्रॅक्टर वळवून त्याचं नाक दांडीसमोर आणा आणि ट्रॉली पुढच्या हुकाला जोडा. ठोकळे काढल्यावर ती सरळ पुढे ढकलत शेडमध्ये न्या.

यात तीन फायदे होतात. मान वळवावी लागत नाही. ट्रॉली, भिंत, खांब सगळं डोळ्यांसमोर राहतं. तिसरा फायदा सर्वांत मोठा. वळणारी चाकं आता हुकाच्या अगदी जवळ असतात. स्टिअरिंग थोडं फिरवलं की हुक लगेच सरकतो आणि ट्रॉली तत्काळ ऐकते. मागच्या हुकानं पाच वेळा पुढेमागे करावं लागायचं, तिथे एक-दोनदा पुरतं. स्टिअरिंग खालून धरण्याची युक्ती इथेही तशीच चालते.

ट्रॅक्टरवरची पुढची जागा कमकुवत वाटत असेल तर जाड पत्र्याचा हुक बनवून घ्या. मात्र तो आधीच असलेल्या बोल्टच्या भोकांत नट-बोल्टनं बसवा. ट्रॅक्टरचा पुढचा सांगाडा बिडाचा असेल, तर त्यावर वेल्डिंग केल्यास त्याला तडा जाऊ शकतो. हुकाची उंची अशी ठेवा, की दांडी जमिनीला समांतर राहील.

मर्यादाही लक्षात ठेवा. दांडीचा भार आता पुढच्या आसावर येतो. म्हणून ट्रॉली रिकामी किंवा हलकी हवी. उंच भरलेली ट्रॉली समोर आली तर पुढचं काही दिसणारही नाही आणि हा सगळा खटाटोप वाया जाईल. उतारावर ही युक्ती करू नका. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या चाकांवरच असतात. उतारावर ट्रॉली पुढे खेचू लागली तर ट्रॅक्टर तिला धरू शकणार नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावर ट्रॉली अशी ढकलत कधीही नेऊ नका.

काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटं

ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी अंगणातून एक फेरी मारा. ट्रॉली कुठून कुठे जाणार, ते पावलांनी चालून बघा. शेडच्या खांबांमधलं अंतर आणि ट्रॉलीची रुंदी काठीनं मोजा. वरची वीजतार, पत्र्याची कड, पाण्याचा पाइप, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळं डोळ्यांखालून घाला. जिथे ट्रॉलीची चाकं थांबायला हवीत, तिथे जमिनीवर चुन्यानं रेघ मारा. एकदा मारलेली रेघ रोज उपयोगी पडते. शेडच्या मागच्या भिंतीपुढे एक जाड ओंडका आडवा टाकून ठेवलात, तर चाक तिथेच अडतं आणि भिंत वाचते.

ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना जोडून घ्या. शेतात वळताना आपण ते सुटे ठेवतो. ट्रॉली लावताना घाईत एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला झटका घेतो. सर्वांत लहान गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरला हात लावू नका. इंजिन मंद चालत असतानाही ट्रॅक्टरमध्ये रिकामी ट्रॉली हलवण्याएवढी ताकद भरपूर असते.

दोन चाकांच्या ट्रॉलीत मागच्या बाजूला माल जास्त असेल, तर पिन काढताच दांडी उसळून वर येते. समोर वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर तिचा फटका बसतो. म्हणून सोडण्यापूर्वी ट्रॉली रिकामी करा किंवा माल सारखा पसरवा. आणि हुकात पिन म्हणून सळई, बोल्ट, स्क्रू ड्रायव्हर असलं काही घालू नका. योग्य जाडीची पिन आणि ती निसटू नये म्हणून खालची लॉक पिन, दोन्ही हव्यात.

घरातल्या सर्वांसाठी नियम

ट्रॅक्टर चालवणारा एक असला, तरी हे नियम सगळ्या घराला माहीत हवेत. आजीलाही आणि शहरातून आलेल्या नातवालाही.

• ट्रॅक्टर हलत असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे कुणीही जायचं नाही. पिन लावायची असेल तर आधी ट्रॅक्टर थांबेल, गिअर न्यूट्रल होईल, हँडब्रेक लागेल, इंजिन बंद होईल आणि चालक ‘ये’ म्हणेल. मगच आत जायचं.

• इशारा देणारा माणूस एकच असेल. तो ट्रॉलीच्या बाजूला, चालकाला दिसेल असा उभा राहील. पाच जणांनी पाच सूचना दिल्या की अपघात होतो.

• इशारे हातानं द्यायचे, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही. कोणता हात म्हणजे ‘थांब’, हे आधीच ठरवून घ्या.

• इशारा देणारा दिसेनासा झाला, की चालकानं त्याच क्षणी थांबायचं. मागे-पुढे काही नाही, आधी थांबायचं.

• ‘थांब’ मात्र कुणीही म्हणू शकतं. सहा वर्षांच्या मुलीनं म्हटलं तरी ट्रॅक्टर थांबला पाहिजे. नंतर तिच्यावर ओरडू नका.

• मुलांनी ओसरीवर किंवा पायरीवर बसायचं आणि मोठ्या कुणीतरी त्यांच्याजवळ थांबायचं. चालकानं सुरू करण्यापूर्वी मुलं मोजायची. घरात चार मुलं असतील, तर चार डोकी दिसल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

• ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, ट्रॉलीच्या दांडीवर कुणालाही बसवायचं नाही. ‘थोडंच तर जायचंय’ म्हणून मुलाला मांडीवर घेणंही नको.

हे नियम सांगायला थोडं अवघड जातं, हे खरं आहे. काकांनी तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला असतो. त्यांना भाच्यानं किंवा सुनेनं शिकवलेलं आवडत नाही. अशा वेळी वाद घालू नका. ‘‘काका, मुलांना मी आत घेते, तोवर जरा थांबा,’’ एवढं म्हणा. आपल्या माणसाच्या काळजीपोटी म्हटलेलं कुणी टाळत नाही. पुढच्या वेळी काका स्वतःच विचारतील, ‘‘मुलं कुठे आहेत?’’

सराव कसा करावा?

घरातल्या मुला-मुलीला ट्रॅक्टर शिकवायचा असेल, तर वाहन चालवण्याचं वय आणि परवाना झाल्यावरच शिकवा. पहिले धडे अंगणात देऊ नका. कापणी झालेल्या रिकाम्या वावरात जा. चार काठ्या रोवून ‘शेड’ तयार करा. रिकामी, दोन चाकांची ट्रॉली जोडा आणि आधी मागच्या हुकानं, मग पुढच्या हुकानं काठ्यांमधे लावायचा सराव करू द्या. काठी पडली तर हसून पुन्हा उभी करता येते. पहिल्या दिवशी फक्त सरळ मागे यायला शिकवा, वळण दुसऱ्या दिवशी. आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की करा. ट्रॉली वाकडी गेली तर जोर लावायचा नाही. थांबायचं, पुढे ओढून सरळ करायची आणि पुन्हा यायचं. अनुभवी चालकसुद्धा हेच करतात. फरक इतकाच, की ते लवकर थांबतात.

या वर्षी गावी जाल, तेव्हा ट्रॅक्टरच्या नाकाशी वाकून बघा. पुढचा हुक आहे का? त्याची पिन जागेवर आहे का? ट्रॉलीचा स्टँड नीट टेकतो का? नसेल तर मिठाईच्या पुड्यासोबत एक चांगली पिन आणि दोन लाकडी ठोकळेही घेऊन जा. काका आधी हसतील. पण संध्याकाळी ट्रॉली शेडमध्ये लावताना दांडीजवळ कुणी उभं नसेल आणि मुलं ओसरीवर बसून काकांना हात हलवत असतील.